शिबिर संपल्यावर त्या वहीचं काय होतं?

ताई,

मी 38 वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. घरी नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई आहेत. आठ महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीच्या आग्रहाने आमच्या भागातल्या सेवा क्लबची मेंबर झाले. लोकांसाठी काहीतरी करावं असं कॉलेजपासून मनात होतं, वेळ आत्ता कुठे मिळाला. पण माझ्या वाट्याला आलं काय? खुर्च्या मांडणं, पाहुण्यांना गुच्छ देणं, नोंदणीच्या टेबलावर बसणं. या कामांना माझी ना नाही. पण आमचा प्रत्येक कार्यक्रम ग्रुप फोटो निघाला की संपतो. बॅनर, भाषणं, सत्कार, झालं.

दोन महिन्यांपूर्वी नेत्रतपासणी शिबिर झालं. एका आजोबांना मोतीबिंदू निघाला. जाताना ते माझ्या टेबलापाशी परत आले आणि म्हणाले, "बाई, आता पुढं काय?" मी म्हटलं, "तुम्हाला फोन येईल." परवा मीटिंगमध्ये विचारलं, तर फोन कुणी करायचा हेच ठरलेलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि आता पुढच्या वर्षी सचिव हो म्हणून मागे लागलेत. बायकांतून कुणीतरी हवंय म्हणे. नवरा म्हणतो, सोड हे सगळं, रविवारी घरी तरी दिसशील. सोडू, की सचिव होऊ?

– एक कार्यकर्ती

प्रिय कार्यकर्ती,

सोडू नका. आणि सचिवही होऊ नका, निदान यंदा तरी. तुम्ही काय करायला हवं ते त्या आजोबांनी तुम्हाला टेबलापाशी उभं राहून विचारलेलं आहे. ते काम मागून घ्या.

मी स्वतः अशाच एका क्लबात बरीच वर्षं काम केलं आहे. त्यातल्या पहिल्याच वर्षीची एक गोष्ट मला अजून सलते, ती आधी सांगते. आमचंही डोळ्यांचं शिबिर झालं होतं. नोंदणीची वही घरी नेऊन सुरक्षित ठेवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते चोख केलं. कपाटात, वरच्या कप्प्यात. पाच महिन्यांनी दुसऱ्या कशासाठी तरी ती वही काढली. एका बाईंच्या नावापुढे डॉक्टरांनी काचबिंदूची शंका लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मी फोन लावला. त्या म्हणाल्या, "तुमचा फोन आला नाही, तेव्हा म्हटलं काही नसेल."

मी तोपर्यंत समजत होते की आपण फोन केला नाही तर फार तर काय, माणूस आहे तिथेच राहील, आपली थोडी मदत कमी पडेल. तसं होत नाही. आपल्या गप्प बसण्याचा अर्थ लोक 'सगळं ठीक आहे' असा लावतात. शिबिराला आल्या नसत्या तर त्या बाई कदाचित डोळा दुखला-खुपला म्हणून कुठेतरी दाखवायला गेल्या असत्या. आमच्याकडे येऊन गेल्यामुळे त्या पाच महिने निर्धास्त राहिल्या. काचबिंदूत डोळ्यांच्या मज्जातंतूचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही, गेलेली नजर परत येत नाही. औषधाने फक्त उरलेली नजर टिकवता येते. त्यामुळे त्या पाच महिन्यांची किंमत काय होती याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

म्हणून तुमची झोप उडाली हे वाचून मला वाईट वाटलं नाही. तुमचं लक्ष योग्य ठिकाणी गेलं आहे.

तुमच्या क्लबातली माणसं निष्काळजी आहेत असं मात्र लगेच ठरवू नका. यातला पुष्कळसा दोष क्लबच्या वर्षाचा असतो. रोटरी घ्या, लायन्स घ्या, त्यांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. अध्यक्ष दरवर्षी नवा. नव्या अध्यक्षाला आपल्या वर्षाचे प्रोजेक्ट करायचे असतात, वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवायचा असतो, आणि त्या अहवालात किती शिबिरं घेतली, किती लोक तपासले हे आकडे पटकन मांडता येतात. मे महिन्यात तपासलेल्या माणसाचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं, तर ते कुणाच्या वर्षात धरायचं? जुन्या टीमचं वर्ष संपलेलं, नव्या टीमला ती वही माहीतच नाही. कुणीही वाईट वागत नाही आणि तरी आजोबांना फोन जात नाही.

याच क्लबांनी पाठपुरावा काय असतो ते सगळ्या जगाला दाखवलेलंही आहे. रोटरीने पोलिओचं काम 1985 मध्ये अंगावर घेतलं. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि इतरांबरोबर जगभरची मोहीम सुरू झाली, तेव्हा सव्वाशेहून अधिक देशांत पोलिओ होता आणि वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं त्याच्या तडाख्यात सापडत होती. पुढे हे प्रमाण 99 टक्क्यांहून जास्त खाली आलं. ते कसं आलं हे तुम्ही बूथवर काम केलेल्या कुणालाही विचारा. डोस दिला की मुलाच्या करंगळीवर शाईची खूण, घराच्या दारावर खडूची खूण. ज्या घराला कुलूप असेल किंवा मूल बाहेर गेलेलं असेल, त्या घराची नोंद वेगळी, आणि मग त्याच घरी पुन्हा फेरी. जितका जीव पहिल्या दिवसाच्या रांगेत ओतला, तितकाच सुटलेल्या मुलांच्या यादीत ओतला. तुमच्या नोंदणी वहीतली नावं ही तुमची सुटलेली मुलं आहेत.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

पुढच्या मीटिंगमध्ये 'आपण फक्त फोटो काढतो' असं म्हणू नका. ते खरं असलं तरी म्हणू नका, कारण खुर्च्या वाहणारा आणि मंडपवाल्याशी वाद घालणारा माणूसही तिथेच बसलेला असतो आणि त्याला ते लागतं. त्याऐवजी त्या आजोबांबद्दल बोला. नाव न घेता, ते टेबलापाशी परत कसे आले, काय म्हणाले, तुम्ही काय उत्तर दिलं, एवढंच सांगा. एका माणसाची अडचण समोर ठेवली की क्लब हलतो, याची जुनी साक्ष आहे. 1930 मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावातल्या लायन्स क्लबच्या अध्यक्षाने एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना पाहिलं. त्याच्या हातातली काळी काठी गाडीवाल्यांना दिसतच नव्हती. ही गोष्ट त्याने क्लबात मांडली, आणि क्लबने काठ्या पांढऱ्या रंगवून, त्यावर लाल पट्टा ओढून वाटल्या. पुढे ती पांढरी काठी कुठल्या कुठे पोहोचली ते आपण पाहतोच.

मग मागणी अगदी नेमकी करा. "शिबिराची वही तीन महिने माझ्याकडे द्या, सोबत एक जण द्या, आणि तीन महिन्यांनी मीटिंगमध्ये दहा मिनिटं द्या." इतकीच. कुणी नाही म्हणेल असं मला वाटत नाही, कारण हे काम दुसऱ्या कुणाला नकोच असतं. ठराव करून घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे जुलैत टीम बदलली तरी ते तुमच्याकडे राहील. बँकेत आहात, लेखी असण्याचं मोल मी तुम्हाला काय सांगणार.

वही हातात आली की आधी तिचे भाग पाडा. नुसता चष्म्याचा नंबर लिहिलेली माणसं शेवटी घ्या. काचबिंदूची शंका असलेली माणसं सगळ्यात आधी, कारण ते वर सांगितलंच. त्यांच्या पाठोपाठ मधुमेहाची, कारण मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होत असतो तेव्हा सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही, त्यामुळे 'मला तर नीट दिसतंय' म्हणून तो जायचं टाळतो. मोतीबिंदूची यादी बहुधा सगळ्यात मोठी निघेल. तिथे आशा मोठी आहे. धूसर झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवलं की बहुतेकांची नजर परत येते, आणि तरीसुद्धा जगात अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदूच आहे. माणूस आणि ऑपरेशनचं टेबल यांच्यामध्ये काय काय आडवं येतं, ते तुम्हाला या फोनांतून कळेल.

पहिला फोन करताना थोडं बिचकायला होतं. वहीतला नंबर पुष्कळदा मुलाचा, सुनेचा नाहीतर शेजारच्यांचा असतो. उचलणाऱ्याला पहिल्या वाक्यातच सांगा की तुम्ही कोण, कुठल्या शिबिरातून बोलताय आणि काही विकत नाही आहात. आजाराचं मात्र ज्याचं त्यालाच सांगा, किंवा तो म्हणेल त्याला. मग विचारा, "त्यानंतर दाखवायला जाणं झालं का?" 'का गेला नाहीत' असं विचारू नका. माणूस लगेच अंग चोरतो आणि 'जाऊ की, जाऊ' म्हणून फोन ठेवतो. "जाण्यात काही अडचण आहे का?" असं विचारलं की बोलायला लागतो. सोबत यायला कुणी नाही. नातवंडांना कुणाकडे ठेवायचं? शेजारच्याचं ऑपरेशन बिघडलं होतं. एका डोळ्याने भागतंय तोवर भागवू. पहिल्यांदा जे कारण सांगतात ते नेहमी खरं असतंच असं नाही. माझा अनुभव असा की खरं कारण दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फोनला निघतं, आणि ते बहुधा भीतीचं असतं. अशा वेळी ऑपरेशन झालेल्या एखाद्या माणसाशी त्यांचं बोलणं करून द्या. आपण हजार वेळा 'घाबरू नका' म्हटल्याने जे होत नाही, ते त्या एका बोलण्याने होतं. औषधोपचाराचा सल्ला स्वतः देऊ नका, कितीही माहिती असली तरी. तो डॉक्टरांचा प्रांत आहे. तुमचं काम माणसाला तिथपर्यंत पोहोचवायचं, आणि शक्य असेल तर पहिल्या वेळी सोबत जायचं. केसपेपरच्या खिडकीपाशी शेजारी उभं राहणं हीसुद्धा मोठी मदत असते.

प्रत्येक फोननंतर तारीख आणि एक ओळ लिहा. 'मुलगा रात्रपाळीला, रविवारी बोलू' किंवा 'बहिणीकडे गेल्या, महिनाअखेर परत'. पुढच्या फोनला 'बहिणीकडून आलात का?' असं विचाराल ना, तेव्हा पलीकडचा आवाजच बदलतो. ही वही ग्रुपवर टाकू नका, तिच्या पानाचे फोटोही नाहीत. त्यात लोकांचे आजार आहेत आणि नंबर आहेत.

येण्याजाण्याच्या खर्चासाठी खजिनदारांशी बोला. नीट चाललेल्या क्लबात मेंबरांच्या वर्गणीचं खातं वेगळं आणि सेवेसाठी जमवलेल्या पैशाचं खातं वेगळं असतं. लायन्समध्ये तर नियमच आहे की लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामी लागला पाहिजे, क्लब चालवायच्या खर्चाला नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेऊन आणणं याहून योग्य खर्च त्या खात्याला मिळायचा नाही. प्रत्येक वेळची पावती ठेवा.

आता सचिवपदाचं. त्या कामाला मी कमी लेखत नाही. नोटिसा, इतिवृत्त, पत्रव्यवहार, अहवाल हे सगळं वेळच्या वेळी करणारा सचिव नसेल तर चांगला क्लबही विस्कटतो. पण ते काम तुम्हाला टेबलाच्या अलीकडेच बसवून ठेवेल, आणि तुमचा जीव तर टेबलाच्या पलीकडे गुंतलाय. शिवाय 'बायकांतून कुणीतरी हवंय' हे मला खटकलं. फार जुनी गोष्ट नाही ही. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबने 1970च्या दशकात बायकांना मेंबर करून घेतलं म्हणून रोटरीने त्या क्लबची मान्यताच काढून घेतली होती. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1987 मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला. लायन्सची आणि किवानिस या तशाच आणखी एका सेवा क्लबची दारंही त्याच वर्षी उघडली. बायका आत आल्या त्या गुच्छ द्यायला नक्कीच आल्या नाहीत. तुम्ही सचिव व्हाल तर काम येतं म्हणून व्हा, जागा भरायची म्हणून होऊ नका. अध्यक्षांना सरळ सांगा, "यंदा मला हे एक काम पुरं करू द्या, पुढच्या वर्षी विचारलंत तर विचार करीन." आणि गुच्छांचं म्हणाल तर ते काम आळीपाळीने करायचं असं सुचवा. पुरुषांच्या हातूनही गुच्छ छान दिला जातो.

फोटोंवर मी फार रागावत नाही, त्यातून पुढचे देणगीदार मिळतात हे मला ठाऊक आहे. पण ज्याला मदत मिळते आहे त्याचा चेहरा वापरायचा तर आधी विचारलं पाहिजे, आणि तेही वस्तू त्याच्या हातात पडून, रांग संपून, तो मोकळा झाल्यावर. हात पुढे केलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. लहान मुलांचे तर पालकांना विचारल्याशिवाय नकोतच. एवढा एक नियम जरी तुमच्या क्लबने केला तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट तुमच्या बाजूने नाही, ती पण सांगते. क्लबातले लोक गप्पा मारायला जमतात असं तुम्हाला वाटत असेल, तर ते खरं आहे आणि त्यात गैर काही नाही. 1905 च्या फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना एकत्र बोलावलं, तेव्हा त्या मोठ्या शहरात एकट्या पडलेल्या माणसांना मित्र मिळावेत हाच मुख्य हेतू होता. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात जमायचे म्हणून नाव रोटरी पडलं. सेवा मागाहून आली. मैत्री होती म्हणून ती टिकली, असं माझं मत आहे. तेव्हा मीटिंग संपली की लगेच पर्स उचलून निघू नका. थोडं थांबा, बसा त्यांच्यात. तुमचा तो 'सोबत एक जण' तिथेच सापडेल. बहुधा तो फारसं न बोलणारा कुणीतरी असेल, कार्यक्रम संपल्यावर मागे राहून वायरी गुंडाळणारा.

घराचं. नवरा म्हणतोय त्यात तथ्य आहे. सेवेचं काम वेळेला कुंपण घातल्याशिवाय आटोक्यात राहत नाही. महिन्यातले दोन रविवार घरचे, ते कुणालाही द्यायचे नाहीत. आठवड्यातली एक संध्याकाळ, दीड तास, फोनांची. तेवढ्यात होतील तेवढे फोन. राहिलेले पुढच्या आठवड्याला. हे घरात सगळ्यांसमोर ठरवा आणि पाळा. आणि सासूबाईंना विचारून बघा, फोन करायला बसतील का तुमच्याबरोबर. माझ्या अनुभवात म्हातारी माणसं म्हाताऱ्या माणसांशी आपल्यापेक्षा फार लवकर मोकळी होतात.

हे सगळं मागूनही क्लबने दोनदा टाळलं, वही द्यायलाच नको म्हटलं, किंवा पैशांच्या हिशेबात काही लपवाछपवी दिसली, तर मात्र बाहेर पडा. भांडून नको. आपल्याकडची कागदपत्रं, पावतीपुस्तकं, किल्ल्या यादी करून सोपवा, पोच घ्या, दोन ओळींचं पत्र द्या. दवाखान्यात थेट जाऊनही हे काम करता येतं, समाजसेवा विभागाला अशी माणसं हवीच असतात.

पण ते नंतरचं. आजोबांसाठी मीटिंगची वाट बघू नका. त्यांना फोन येईल हा शब्द तुम्ही स्वतः दिलाय, तो पाळायला ठराव लागत नाही. ज्याच्याकडे वही आहे त्याच्याकडून त्यांचा तेवढा नंबर घ्या आणि आज संध्याकाळीच लावा. नंबर मुलाचा निघाला तर तो कामावरून घरी पोहोचायची वेळ धरून लावा, आणि फोन आजोबांच्या हातात द्यायला सांगा. आधी दोन महिने झाले त्याबद्दल माफी मागा. मग ते "बाई, आता पुढं काय?" असं पुन्हा विचारतील, तेव्हा तुमच्यासमोर वार आणि वेळ लिहिलेला कागद असू द्या.

तुमची,
ताई